रत्नागिरीत पाच दिवस राहायचं आहे, रोज पोहायचं कुठे?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीत मारुती मंदिर भागात पाच दिवसांसाठी फ्लॅट घेतला आहे. बरोबर नवरा, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासरे. तुम्ही पुण्यात तलावावर नियमित एक किलोमीटर पोहता, मुलं चार-पाच लांबी पोहतात, नवऱ्याला जेमतेम तरंगता येतं. रोज सगळ्यांना पाण्यात उतरता येईल असा जवळचा किनारा कोणता, एवढंच तुम्हाला हवं आहे.

किनाऱ्याचं नाव लगेच सांगतो: भाट्ये. पण नुसत्या नावाने भागणार नाही. समुद्रात ‘जागा’ म्हणजे किनाऱ्याचा नेमका कोणता तुकडा आणि दिवसाची कोणती वेळ, या दोन्ही गोष्टी मिळून होते. भाट्येच्याच वाळूवर सकाळी आठला लेकराला घेऊन बसावं अशी जागा असते, आणि तिथून हजार पावलं उत्तरेला, चार तासांनी, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये अशी. म्हणून आधी शहराभोवतीचे किनारे बघू, मग वेळेचं गणित.

मारुती मंदिरापासून सगळ्यात जवळचं पाणी मांडवीचं. जेट्टीवर संध्याकाळी जा, सूर्यास्त बघा, भेळ खा. पोहायला नको. शेजारीच काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते, तिच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचलेला आहे आणि राजिवड्याच्या मच्छीमार होड्यांनाही तो त्रास देतो. होडीला जिथे जपून जावं लागतं तिथे माणसाने पोहू नये. शिवाय शहराचं सांडपाणी शेवटी याच बाजूला येतं. भगवती किल्ल्याच्या पलीकडे मिरकरवाडा बंदर आहे. तिथे ट्रॉलर, डिझेलचा तवंग आणि मासळीचं पाणी, म्हणजे प्रश्नच नाही. त्याच्या पुढे पांढरा समुद्र आणि मिऱ्या. नाव मोहात पाडणारं आहे, पण किनारा धुपलेला आहे आणि बराच भाग दगडी बंधाऱ्याने व्यापलेला आहे. भरतीला लाट थेट दगडावर आपटते आणि उलटी फिरते. अशा ठिकाणी उतरणं सोपं जातं, बाहेर येताना गुडघे फुटतात.

उत्तरेला काळबादेवी, आरे-वारे आणि शेवटी गणपतीपुळे. आरे-वारे घाटाच्या वळणावरून बघायला कोकणातल्या सर्वांत देखण्या जागांपैकी एक आहे. ती वरूनच बघावी असं माझं स्पष्ट मत आहे. उघडा किनारा, मधे सुळका, कडेला खाडी आणि पाण्याखाली सतत जागा बदलणारे वाळूचे चर. तिथे माणसं बुडण्याच्या बातम्या वारंवार येतात आणि त्यात बहुतेक वेळा ‘कमरेएवढ्या पाण्यात उभे होते’ हेच वाक्य असतं. गणपतीपुळ्याला जीवरक्षक असतात ही जमेची बाजू. पण उतार एकदम आहे: चार पावलं घोटाभर, पाचवं पाऊल कमरेला. फुटलेली लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. देवळातून थेट वाळूवर आलेली, साडी किंवा जीन्समधली गर्दी त्यातच असते आणि नाताळच्या सुट्टीत ती दुप्पट होते. तिथे दर्शन घ्या, पाय भिजवा, जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की वाद न घालता मागे या.

आता भाट्ये. शहरातून काजळीवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला सुरूचं बन आणि त्यापलीकडे साधारण दीड किलोमीटर लांबीची सपाट पुळण. उत्तर टोकाला खाडीचं तोंड, दक्षिण टोकाला झरी विनायकाचं देऊळ आणि कातळ. तुमच्यासाठी कामाचा आहे तो मधला आणि दक्षिणेकडचा पट्टा. ढोबळ हिशोब असा ठेवा: पुलापासून किनाऱ्याचा पहिला एक-तृतीयांश भाग सोडून द्यायचा, आणि दुसऱ्या टोकाला कातळापासून निदान शंभर मीटर अलीकडे थांबायचं. खाडीकडचा भाग का सोडायचा हे ओहोटीत दिसतं. पुलाच्या आत मैलोन्‌मैल भरलेलं पाणी सहा तासांत त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असतं. वरून ते नदीसारखं शांत दिसतं, लाट फुटत नाही, म्हणून नवखा माणूस मुलांना नेमका तिथेच नेतो. कातळाजवळ प्रश्न वेगळा. किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणी कातळाला अडतं आणि त्याच्या कडेने खोल समुद्राकडे वळतं. शिवाय कातळाला कालवं असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते.

वेळेचं गणित तिथीवर चालतं आणि त्याला मोबाइल लागत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ येते. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास पूर्ण भरती. रत्नागिरीला ती साधारण अर्धा-पाऊण तास आधी येते, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. दररोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. भरतीचं कोष्टक मिळालं तर उत्तमच, पण तिथीचा आकडा डोक्यात असला की कोष्टक चुकीच्या बंदराचं उघडलंय हे लगेच लक्षात येतं. अशी चूक फार जण करतात.

पाणी सहा तासांत एकसारखं चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. समजा त्या दिवशी भरती-ओहोटीत २.४ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम २० सेंटीमीटर हलतं, तिसऱ्या तासात ६०. ओढ सर्वांत जास्त याच मधल्या दोन तासांत. म्हणून पोहायचं ते भरती पूर्ण होण्याआधीच्या दीड तासात, आणि फार तर नंतरची वीस मिनिटं. त्या वेळी पाण्याचा कल किनाऱ्याकडे असतो, वाळूचे चर पाण्याने भरून सपाट झालेले असतात आणि मुलांना पाण्यापर्यंत लांब चालावं लागत नाही. ओहोटीच्या तळाला उलट परिस्थिती. भाट्ये इतका सपाट आहे की पाणी दूर जातं, आणि वाळूच्या बांधांमधल्या घळीतून परतणारं पाणी एकवटतं. उथळ दिसतं म्हणून लोक आत आत चालत जातात. घात तिथेच होतो.

पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, फरक मोठा आणि ओढही मोठी. अष्टमी-नवमी-दशमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद हलतं. तुमच्या पाच दिवसांत भांग आला तर सकाळी ओहोटी लागलेली असली तरी मधल्या पट्ट्यात मुलांना कंबरेच्या आत खेळू द्यायला हरकत नाही. उधाण आलं तर रत्नागिरीत भरती सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यान येईल. तेव्हा सकाळी साडेनऊ-दहाला उतरा आणि संध्याकाळी फक्त वाळूत किल्ले करा. पंचमीसारखी तिथी आली तर भरती दुपारी तीनच्या सुमारास. ही सगळ्यात गैरसोयीची वेळ, कारण तोपर्यंत खारा वारा सुटलेला असतो आणि पाण्यावर लहान उभ्या लाटा उठतात. पोहता येतं, पण श्वास घेताना तोंडात पाणी जातं. मुलांचा वेळ अर्ध्यावर आणा. त्या दिवसांत सूर्य सहाच्या पुढे दहा-एक मिनिटांनी मावळतो. पाचनंतर कुणी पाण्यात नको.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्याबरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे. डिसेंबरात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आपला शाळेतला मतलई वारा. त्याने पाणी आरशासारखं होतं, पोहायला सुरेख. पण हवेने भरलेली ट्यूब, फुगवायचा हंस, थर्माकोलची फळी यांना तोच वारा सरळ बाहेर नेतो. ट्यूब घेऊन मूल गुडघाभर पाण्यात असतं, बाप मोबाइलवर फोटो तपासतो आणि दोन मिनिटांत पन्नास मीटर अंतर पडतं. मग बाप पोहत मागे जातो, आणि तुमच्या घरात बापाला जेमतेम तरंगता येतं. फुगवायच्या वस्तू पुण्यातच ठेवा. त्याऐवजी वजनाप्रमाणे बसणारं लाइफ जॅकेट आणा, मुलांसाठी दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून हनुवटीला अडकतं आणि तोंड पाण्याखाली जातं. घालून झाल्यावर खांद्यांना धरून उचला. कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे.

तुमच्या स्वतःच्या एक किलोमीटरविषयी. तलावात ज्याला २५ मिनिटं लागतात तो मिनिटाला ४० मीटर जातो. आता किनाऱ्यावर उभं राहून नारळाचं सोडण पाण्यात लांब फेका. ते किनाऱ्याला समांतर मिनिटाला किती सरकतं हे पावलांनी मोजा. मोठं पाऊल म्हणजे पाऊण मीटर. समजा सत्तावीस पावलं, म्हणजे वीस मीटर. तुमचा निम्मा वेग त्या पाण्याकडे आहे. प्रवाहाबरोबर ५०० मीटर साडेआठ मिनिटांत होतील आणि परत यायला पंचवीस मिनिटं लागतील, तीही दमलेल्या हातांनी. म्हणून सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध करायची आणि घरी येताना त्याचा फायदा घ्यायचा. मिनिटाला दहा मीटरच्या आत असेल तर मजेत पोहा. वीसच्या पुढे असेल तर त्या दिवशी पोहणं रद्द, आणि सोडण किनाऱ्याला समांतर न जाता सरळ आत जायला लागलं तर त्या तुकड्यात मुलांनाही नको. शंभर मीटर सरकून परत फेका.

अंतर सरळ आत जाऊन कापायचं नसतं. छातीएवढ्या पाण्यात, किनाऱ्याला समांतर, सुरूच्या बनातली दोन ठळक झाडं किंवा झरी विनायकाचं देऊळ खूण धरून. तलावात तळाला रेघ असते, इथे सहा-आठ हात मारले की मगरीसारखे डोळे वर काढून खूण बघायची. मान पूर्ण उचलली की पाय बुडतात आणि दम जातो. टोपी केशरी किंवा झगझगीत पिवळी घ्या. निळी-पांढरी टोपी फेसात दिसतच नाही. कमरेला दोरीने बांधायचा पोहण्याचा फुगा मिळतो, तो ओढत नेला तरी वेगात फरक पडत नाही आणि किनाऱ्यावरून तुम्ही दिसत राहता. होडीवाल्यालाही दिसता, आणि सुट्टीत तिथे मोटारबोटी फिरत असतील तर हे महत्त्वाचं. पहिल्या दिवशी तलावातल्या अंतराचा निम्मा पल्ला पुरे. खाऱ्या पाण्यात शरीर वर तरंगतं म्हणून सोपं वाटतं, पण लाटेत श्वासाची लय तुटते आणि खांदे लवकर भरून येतात.

ओढ लागली तर काय, हे मुलांना फ्लॅटमध्येच सांगा, पाण्यात नाही. ओढणारा प्रवाह वरून असा ओळखू येतो: दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्टीत फुटत नाहीत, पाणी गडद किंवा वाळूमुळे गढूळ, आणि फेस समुद्राच्या दिशेने चाललाय. तो खाली खेचत नाही, फक्त आत नेतो. किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावला की माणूस जागच्या जागी दमतो. त्याऐवजी पाठीवर तरंगायचं, हात वर करायचा, श्वास सावरायचा, मग किनाऱ्याला समांतर तीस-चाळीस मीटर पोहायचं आणि लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर तिरकं बाहेर यायचं. वाचवायला दुसऱ्याने उडी मारायची नाही. रिकामा पाच लिटरचा झाकण घट्ट लावलेला कॅन आणि पंधरा मीटर दोरी किनाऱ्यावर ठेवा, खर्च शंभर-दीडशे रुपये. फेकता यावं म्हणून कॅनमध्ये तांब्याभर पाणी घाला, अगदी रिकामा कॅन वाऱ्याने भलतीकडे जातो.

सासऱ्यांना काम द्या. त्यांना खुर्ची, टोपी आणि शिट्टी. त्यांचं लक्ष मुलांच्या डोक्यांकडे, दर अर्ध्या मिनिटाला मोजणी. पाण्यात असलेला मोठा माणूस मुलापासून एका हाताच्या अंतरावर हवा. किनाऱ्यावरून मारलेल्या हाका लाटेच्या आवाजात ऐकू जात नाहीत. भाट्येला कायम जीवरक्षक असेल असं धरून चालू नका. गणेशगुळ्यालाही नाही. पावस गावाच्या पुढे, रत्नागिरीपासून वीस-बावीस किलोमीटरवर असलेला हा किनारा गर्दी नको असेल तर एका दिवसासाठी सुंदर आहे, पण तिथे मदतही तितकीच दूर आहे, आणि दोन्ही टोकांना कातळ. भरतीचं गणित तिथेही हेच.

स्थानिकांना विचारण्याची एक पद्धत असते. ‘इथे पोहता येतं का?’ असं विचारलं की कोकणातला माणूस भिडेने ‘येतं की, लोक पोहतात’ म्हणतो. ‘इथे पाणी कुठल्या बाजूला ओढतं? कुणी गेलंय का इथे?’ असं विचारा. मग तो हात करून नेमका तुकडा दाखवेल. मासे पागणारा माणूस भेटला तर त्याचं ऐका. तो रोज त्याच पाण्यात उभा असतो आणि गेल्या आठवड्यात चर कुठे सरकला हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसतं.

अंगाला लागणाऱ्या गोष्टी थोडक्यात. उथळ वाळूत पाकट (काटेरी शेपटीचा चपटा मासा) बसलेलं असतं, त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो. पाऊल उचलून न टाकता वाळूत घासत चाला, ते आधीच निघून जातं. काटा बसलाच तर पाय सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना झपाट्याने उतरते. काटा खोल असेल तर स्वतः उपटू नका, दवाखाना गाठा. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू काडीने हलकेच उचलून काढा. श्वास लागला, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर वेळ घालवू नका. किनाऱ्यावर जेलीफिश वाहून आलेल्या दिसल्या तर त्या दिवशी मुलांना वाळूवरच ठेवा, मेलेलीही डसते.

हवामानासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज बघायची सवय लावा. लाटेची उंची पाऊण मीटरच्या आत असेल तर भाट्ये मुलांसाठी ठीक. उंचीइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे दोन लाटांमधलं अंतर, सेकंदात. तो चौदाच्या पुढे असेल तर लाटा दूरच्या वादळातून आलेल्या असतात. मधे पाच-सात मिनिटं पाणी निवांत असतं आणि मग एकदम तीन मोठ्या येतात. डिसेंबरात असं क्वचित होतं. एप्रिल-मे मध्ये होतं, आणि मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत तर कोकणात समुद्रात उतरायचा विषयच काढू नये. तुम्ही वर्षातला उत्तम आठवडा निवडला आहे.

एखाद्या दिवशी सोडणाने नाही म्हटलं, तर बंगल्यांबरोबर किंवा हॉटेलांबरोबर मिळणारी पोहण्याची टाकी हा पर्याय राहतो. पैसे देण्याआधी कडेला उभं राहून तळाची जाळी स्वच्छ दिसते का बघा; दिसत नसेल तर पाणी नीट गाळलेलं नाही. डोळे झोंबणारा क्लोरिनचा उग्र वास म्हणजे क्लोरिन भरपूर असा अर्थ नसतो, उलट घाम-मूत्राशी संयोग होऊन ते वाया गेलेलं असतं. तपासणीची पट्टी असेल तर सामू (पीएच) ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरिन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम. नदीतले कोंड आणि आडवळणाचे धबधबे हा मात्र पर्याय नाही. गोड्या पाण्यात तरंगायला कमी आधार मिळतो, तळाला कपारी असतात आणि पाणी काही हातांखाली एकदम गार लागतं.

पोचलात की पहिल्या संध्याकाळी पोहू नका. भाट्येच्या सुरूखाली तासभर बसा, ओहोटी असेल तर फारच छान, कारण चर आणि बांध उघडे दिसतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी ते पाण्याखाली असतील. गाडी वाळूवर उतरवू नका, भरतीच्या वेळी रुतलेल्या गाड्या हा तिथला नेहमीचा तमाशा आहे. आणि सासऱ्यांच्या फोनमध्ये चार आकडे आधीच साठवून द्या: तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, सागरी पोलिसांना १०९३, तटरक्षक दलाला १५५४. जागा सांगताना ‘भाट्ये बीच’ एवढंच म्हणू नका. ‘झरी विनायकापासून पुलाकडे दोनशे मीटर’ असं सांगायला शिकवा.